एकाच दुष्काळात कोण तगले, कोण मोडले

विहाराची स्मरणिका निघायची झाली की मंडळाचे कार्यकर्ते आमच्याकडे लेख मागायला येतात. यंदा त्यांनी विषयही सांगितला. वंदना आटोपल्यावर पोरांच्यात वाद झाला होता. कॉलेजात जाणारा एक मुलगा म्हणाला, दुष्काळ पडतो तो सगळ्या गावाला पडतो, गिरणी बंद पडते ती सगळ्यांची पडते, मग आपलीच वस्ती जास्त का खचते? त्यावर दुसरा म्हणाला, "आपलीच माणसं आळशी, दुसरं काय." हा दुसरा मुलगा नोकरीला आहे, चांगला आहे, पण हे वाक्य त्याचे नव्हे. हे वाक्य शंभर वर्षे आपल्याला ऐकवले गेले आणि आता आपणच ते म्हणू लागलो. म्हणून लिहायला बसलो. आम्ही सूतगिरणीत पाळ्या करणारी माणसे, पंडित नव्हे. पण वाचले आहे, विचारपूस केली आहे, आणि काही गोष्टी घरातच पाहिल्या आहेत.

गरिबी म्हणजे आज खिशात पैसा नाही एवढेच नव्हे. पैसा आज नसतो, उद्या येतो. खरा प्रश्न असा, की पाऊस गेला, काम गेले, घरातला कर्ता अंथरुणाला खिळला, तर पाठीशी काय आहे? कणगीत ज्वारी आहे का, गहाण टाकायला रान आहे का, उसनवार देणारा पाव्हणा आहे का, दारात उभे करून घेणारी कचेरी आहे का? बंगालमध्ये १९४३ साली लाखो माणसे भुकेने मेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली आपल्या पुस्तकात दाखवून दिले, की मुलखात अन्नच उरले नव्हते म्हणून ती मेली नाहीत. ज्यांच्याकडे धान्य मिळवायचे साधनच उरले नव्हते, ती मेली. त्यात शेतमजूर आणि मासेमार फार होते. आपल्या माण, खटाव, खानापूर, आटपाडी, जतच्या दुष्काळाला हीच फूटपट्टी लावून बघा.

पूर्वी सातारा हा एकच मोठा जिल्हा होता. १९४९ साली त्यातून दक्षिण सातारा निघाला, संस्थानांचा मुलूख त्याला जोडला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. या सगळ्या मुलखात गावगाडा एकसारखाच होता आणि गावगाड्यात आपले वाडवडील वतनदार होते. वतनदार हा शब्द ऐकून हल्लीच्या पोरांना भारी वाटते. "आपणपण वतनदार होतो की!" बाबांनो, ते वतन म्हणजे काय होते ते आधी ऐका.

महाराने सरकारचे आणि गावाचे काम करायचे. वसूल डोक्यावर घेऊन तालुक्याला पोचवायचा, माणसांना चावडीवर बोलवायचे, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचे, शिवेचा तंटा झाला की साक्षीला उभे राहायचे, मेलेले जनावर ओढायचे, मर्तिकाचा सांगावा परगावी न्यायचा, लाकडे फोडायची. वेळ ठरलेली नाही, मध्यरात्री हाक आली तरी उठायचे. आता या माणसाला आळशी कोण म्हणणार? बदल्यात काय, तर थोडी इनाम जमीन, तिला हाडकी-हाडोळा म्हणत, आणि शेतकऱ्यांनी खळ्यावर द्यायचे बलुते. बलुते किती द्यायचे ते देणाऱ्याच्या मर्जीवर. पाऊस बुडाला की पहिल्यांदा बुडायचे ते महाराचे बलुते, कारण शेतकरी आधी आपली कणगी बघणार. म्हणजे दुष्काळाचा पहिला तडाखा ठरल्यासारखा आपल्यावर.

आता यातला बारकावा बघा. सुतार, लोहार, चांभार हेही बलुतेदारच. चांभार तर अस्पृश्यच, त्याने कमी सोसले नाही. पण सुताराची वाकस आणि चांभाराची रापी ही शहरातही चालते. गाव सोडले तरी हुन्नर बरोबर येतो. महाराच्या हातात गावाने दिली ती काठी. ती काठी गावाच्या शिवेबाहेर कोण विचारतो? आमच्या मते गावगाड्याने आपल्यावर केलेला सगळ्यांत खोल अन्याय हाच, की पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेतले आणि बाजारात विकता येईल असे एकही कसब हाताला लागू दिले नाही.

जमिनीचेही तसेच. १८७४ च्या मुंबई वतन कायद्याने ही जमीन चाकरीला बांधलेली होती. ती वतनाबाहेर विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. विकता येत नव्हती म्हणून ती राहिली, असे काहीजण म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण कुळवाड्याला सावकार कर्ज द्यायचा तो रान बघून. महाराने काय दाखवायचे? मग पोरगा सालगडी म्हणून द्यायचा. शिवाय वतन सगळ्या भावकीचे, पिढी वाढली की तुकडे वाढायचे आणि चाकरी पाळीने यायची. एकाला एक-दोन पांड जमीन वाट्याला आली तरी चाकरी पुरी. आणि पाळी असलेला माणूस घरी नसला तर घरातल्या दुसऱ्याला धरून न्यायचे. त्यामुळे घरातले चारही हात वतनात अडकलेले, दुसरा धंदा करायचा कोणी?

बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते. १९२७ साली 'बहिष्कृत भारता'त त्यांनी महार वतनावर लिहिले आणि १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन कायदा दुरुस्तीचे बिल आणले. ज्याला चाकरी नको त्याने पूर्ण सारा भरून जमीन ठेवावी आणि चाकरीतून मोकळे व्हावे, आणि बलुत्याऐवजी रोख रकमेची सोय व्हावी, असे त्यात होते. बिलाची इतकी मोडतोड झाली, की १९२९ साली त्यांनी ते मागे घेतले. १९३७ साली पुन्हा प्रयत्न केला. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ सालीच महार वतन रद्द करून जमिनी रयताव्याने दिल्या होत्या. वारणेच्या अलीकडचा माणूस बांधलेला आणि पलीकडचा मोकळा, असा तो काळ. आणखी एक गोष्ट आमच्याच लोकांना ऐकायला कडू लागेल. वतन सोडायला आपल्यातलेच पुष्कळजण तयार नव्हते. बाबासाहेबांना त्यासाठी आपल्याच माणसांशी वाद घालावा लागला. पण त्या माणसांना तरी हसू नका. बुडत्याला जे हाताशी लागते ते तो सोडत नाही, मग ते कुजके लाकूड का असेना.

गावाबाहेर पडायला एक वाट होती, पलटणीची. सातारा जिल्हा हा शिपायांचा जिल्हा. आपशिंगे गावाला मिलिटरी आपशिंगे म्हणतात, पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. फौजेतला पगार, पेन्शन, वाचता येणे, ताठ मानेने चालणे, हे सगळे घराला वर काढते. महारही कंपनी सरकारच्या काळापासून फौजेत होते. पण १८९२-९३ च्या सुमारास लढवय्या जातींचे खूळ निघाले आणि महारांची भरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात गरज पडली म्हणून १९१७ साली पलटण उभी केली, गरज संपल्यावर १९२१ साली मोडली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली. मधल्या जवळजवळ पन्नास वर्षांत शेजारच्या घरात दोन पिढ्यांचे पेन्शन आले, आपल्या घरात आले नाही. हा हिशेब कोणी मांडत नाही.

सुभेदार रामजीबाबांचे घर भरतीबंदीच्या आधीचे, म्हणून त्या घरात पुस्तक होते. साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचे नाव दाखल झाले. पुढच्या वर्षीची गोष्ट आपल्याला पाठ आहे, पण ती या विषयाच्या अंगाने पुन्हा वाचा. रामजीबाबा खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर, तलावाच्या खोदाईवर खजिनदार होते. मुले त्यांना भेटायला रेल्वेने निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. अंगावर नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या, खिशात पैसे. जात कळली आणि एकही गाडीवाला न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एकजण कबूल झाला, तोही मुलांनीच गाडी हाकायची आणि आपण बाजूने चालायचे या अटीवर. रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. ही पोरे गरीब नव्हती. पण त्यांच्या रुपयाला दुसऱ्याच्या आठ आण्याचीच किंमत होती आणि पाण्यासाठी तर त्याला किंमतच नव्हती. गाडी, पाणी, भाड्याची खोली, दुकानाचा गाळा, सगळीकडे दुप्पट मोजायचे असेल तर मिळवलेले टिकणार कसे?

मग आपली माणसे मुंबईला गेली. गिरणीत भोंगा सगळ्यांना सारखा वाजतो, तिथे जात कुठली, असे वाटेल. पण तिथे गेल्यावरही आपला माणूस त्रासन खात्यातच. साच्यावर विणकराला पगार जास्त, आणि साचेखात्यात अस्पृश्याला घेत नव्हते. कारण काय, तर धोट्यातल्या कांडीचा धागा तुटला की त्याचे टोक तोंडाने ओढून घ्यायचे, आणि तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. म्हणजे विटाळ गावातून निघून थेट पगारपत्रकात येऊन बसला! १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला, तेव्हा कुठे तो मागण्यांमध्ये आला. मजूर सगळे एक, असे लाल झेंड्याखाली ऐकायला छान वाटायचे. ज्याला साच्यावर जागा होती त्याला ते म्हणणे सोपे होते.

त्याच काळात आमच्या खानापूर-आटपाडीकडची दुसरी माणसेही दुष्काळाला कंटाळून बाहेर पडली. त्यांनी गलाईचा धंदा धरला. सोने-चांदी गाळायची, शुद्ध करायची. आज भारतातल्या मोठमोठ्या शहरांत विट्याकडचा गलाईवाला सापडतो. त्यांनी कष्ट केले, परमुलखात भट्टीपुढे आयुष्य काढले, त्याबद्दल आमच्या मनात आदर आहे. पण हा धंदा विश्वासाचा. सोने परक्याच्या हाती कोण देतो? मेहुणा मेहुण्याला घेऊन गेला, चुलता पुतण्याला. गाव एकच, पाऊस एकच, पण एकाला पाव्हण्याच्या ओळखीने भट्टी मिळाली आणि दुसऱ्याला ओळखीने मिळाली ती त्रासन खात्यातली बदली. जसा पाव्हणा तशी वाट. गरिबी अशी नात्यागोत्यातून वाहत येते, आणि श्रीमंतीही.

आमचे वडील मुंबईत गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळेत होतो. अडीच लाख कामगारांचा संप, कधी मिटलाच नाही. एकीची आठवण म्हणून आजही लोक त्याच्याबद्दल बोलतात आणि एकी होतीच, शंका नाही. पण संपात कोण किती दिवस तगला हे बघायला पाहिजे. ज्याचे गावाकडे दोन एकर का होईना रान होते तो बिऱ्हाड घेऊन गावी आला, पेरणी केली, भाकरीला कमी पडले नाही. संप इतका लांबला त्याला गावाकडच्या ज्वारीचा मोठा आधार होता. आमच्यासारख्यांचे गावाकडे काय? हाडकीचा तुकडा दुसऱ्याकडे अर्धलीने. वडील गावी आले आणि ज्यांच्याबरोबर संपात होते त्यांच्याच बांधावर रोजंदारीला गेले. आईने हातातल्या पाटल्या मोडल्या त्या पुन्हा झाल्या नाहीत. वडील दारू पीत नव्हते हे मुद्दाम सांगतो, कारण वस्ती खचली की लोक पहिल्यांदा दारूकडे बोट दाखवतात. दारूने घर बुडते हे खरेच आहे, आम्ही व्यसनमुक्तीचे काम करतो. पण पिणारे वाड्यातही होते. वाडा बुडायला तीन पिढ्या लागतात, खोपट एका पावसाळ्यात जाते.

स्वातंत्र्यानंतर कायदे झाले, ते आपल्याला मिळाले नाहीत का, असा पोरांचा पुढचा प्रश्न. मिळाले, पण कसे ते पाहा. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करण्याचा कायदा १९५८ चा, तो अमलात आला १ ऑगस्ट १९५९ ला. चाकरी गेली, त्या दिवशी सणच करायला हवा होता. जमीन मात्र सरकारजमा झाली आणि मुदतीत ठराविक रक्कम भरली तर परत कब्जेदारास द्यायची, असे ठरले. ज्याला तलाठ्याची नोटीस वाचता येत नव्हती, जो मुंबईला खोलीवर होता, त्याची मुदत टळली. ज्यांनी भरली त्यांना जमीन मिळाली ती नव्या शर्तीची, कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, नजराणा भरावा लागतो. सातबारावर 'महार वतन, वर्ग ६ ब' असा शेरा अजून दिसतो. कसत होता दुसराच, पंचवीस-पंचवीस वर्षे. आता रस्ता रुंद झाला, प्लॉट पडले, तशी याच तुकड्यांवर साठेखते आणि मुखत्यारपत्रे निघू लागली आहेत. दोन-चार लाखांत अंगठा घेतात. आमची हात जोडून विनंती, की सातबारा आणि फेरफार काढून चार माणसांना दाखवल्याशिवाय सही करू नका. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारो माणसे तुरुंगात गेली, बायाबापड्या कडेवर पोरे घेऊन गेल्या. ते जमिनीसाठी गेले होते. आपण असलेली घालवतो.

कृष्णाकाठी साखर कारखाने उभे राहिले. सहकार म्हणजे गरिबाचे राज्य असे भाषणात सांगायचे. सभासद व्हायला मात्र उसाची जमीन लागते. सभासदाला साखर, त्याच्या मुलाला कारखान्यात नोकरी, पुढे कारखान्याच्या कॉलेजात प्रवेश. जमिनीवर शेअर, शेअरवर कर्ज, कर्जावर पाइपलाइन, पाइपलाइनवर पुन्हा ऊस. पहिली पायरीच नाही त्याने जिना चढायचा कसा? महापूर आला तरी तेच, २०१९ ला पाहिले. पिकाचा पंचनामा सातबारावाल्याच्या नावाने होतो. ज्याची महिन्याची रोजंदारी पाण्याखाली गेली त्याचा पंचनामा कशाचा करणार?

अमेरिकेतल्या काळ्या लोकांची गोष्ट याहून वेगळी नाही. १८६५ साली गुलामी गेली, काही कुटुंबांना जमीन दिली गेली होती, तीही नव्या राष्ट्राध्यक्षाने जुन्या मालकांना परत करवली. मोकळे झाले आणि त्याच रानात वाट्याने राबू लागले.

आपल्या बाबतीत अजून एक गाठ होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण बौद्ध झालो आणि केंद्र सरकारच्या सवलती थांबल्या, कारण अनुसूचित जातीच्या आदेशात बौद्ध धर्म नव्हता. महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्याच्या सवलती नवबौद्धांना दिल्या. देवराष्ट्र्यात जन्मलेला, कऱ्हाडात वाढलेला माणूस, त्याने आपल्या भागातले हाल पाहिले होते. पण रेल्वे, पोस्ट, पुढे बँका ही केंद्राची दारे १९९० ला कायदा दुरुस्त होईपर्यंत बंद होती. चौतीस वर्षे. पुष्कळांनी पोटासाठी दाखल्यावर 'हिंदू महार' लिहिले आणि घरात बुद्धवंदना केली. त्यांना नावे ठेवणारे आजही आहेत. आम्ही ठेवत नाही. ज्यांनी 'बौद्ध' लिहिले आणि नोकरी सोडली, त्यांच्या नातवंडांकडे बघून मग आळशी कोण ते बोला.

आपल्यालाही कोणी खाली आहे हे विसरून चालणार नाही. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले, त्यांच्यावरचा तो शिक्का १९५२ साली कागदावरून गेला. पारध्याच्या पालावर पोलिसाची गाडी मात्र अजून पहिल्यांदा जाते. त्याला रेशन कार्ड नाही, कारण पत्ता नाही. पत्ता नाही, कारण गाव टिकू देत नाही. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांना घरच्यांबरोबर मुंबईपर्यंत पायी जावे लागले होते, ते मांगवाड्यातले. आणि प्रत्येक वस्तीत नवऱ्याने टाकलेली एखादी बाई असते, तिचे नाव ना सासरच्या घरावर ना माहेरच्या. आपल्या वस्तीत सगळ्यांत आधी कोण मोडते ते एकदा मोजा.

आता शेवटची गोष्ट, ती आपल्याच भागातली. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला बसली. रोजगार हमीची कल्पना ज्यांनी मांडली ते वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, आणि तिचा पहिला प्रयोगही याच तालुक्यात झाला. हमीने आपल्या घरांतली चूल पेटती ठेवली, आमची आई त्या कामावर जाऊन आली आहे. पण पुढच्या दुष्काळात पुन्हा तीच खडी. १९८२ च्या संपात गिरणी कामगार खानापूर तालुक्यात परत आले, हमीच्या कामावर गेले आणि त्यांनी विचारायला सुरुवात केली, की दरसाल खडीच का फोडायची, दुष्काळ हटेल असे काम का काढत नाही? त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली, डॉ. भारत पाटणकर तिच्यात होते. येरळा नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी त्या वाळूवर हक्क सांगितला, काही वाळू विकून पैसा उभा केला, श्रमदान केले आणि बळीराजा धरण बांधले. पाणी वाटायची वेळ आली तेव्हा त्यांनी जमिनीच्या एकरावर वाटले नाही. कुटुंबावर वाटायचे ठरवले, आणि ज्याला एक गुंठाही रान नाही अशा कुटुंबालाही पाण्याचा वाटा. ऊस लावायचा नाही अशीही अट घातली. भूमिहीनाने आपला पाण्याचा वाटा घेऊन दुसऱ्याचे रान वाट्याने करावे, म्हणजे रानवाल्याशी बोलताना त्याच्याही हातात काहीतरी असेल. मोठमोठ्या धरणांच्या कागदांत आजवर जे सुचले नाही ते दोन लहान गावांनी करून दाखवले. बलवडी विट्याहून लांब नाही. पावसाळा संपला की विहारातर्फे पोरांची एक सहल तिकडे न्यायची असे मंडळात बोलणे झाले आहे, गाडीभाडे निम्मे मंडळ देणार आहे.